चौथं कडवं

ज्या चार मिनिटांवरून आमच्या भागात सात वर्षं लोक भांडले, ती चार मिनिटं कुणी रचलेली नव्हती. ती माझ्या तर्रीने माखलेल्या बोटांमुळे झाली. आणि हे मला त्याच दुपारी, हात धुताना कळलं होतं. ज्या दोघांची मी आता माफी मागितली, त्यांनाही मी ‘पुढे केव्हातरी लक्षात आलं’ असंच सांगितलं. त्याच दुपारी कळलं होतं, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचा प्रॉम्प्टर. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. होळीपर्यंत नटमंडळी आज या गावात, उद्या त्या गावात. एकेकाच्या डोक्यात आठ-दहा नाटकं. तालीम झाली तर एक, नाही तर तीही नाही. मग पाठांतर करायचं कुणी? ते काम माझं. रंगमंचापुढे, ऑर्गनवाल्याच्या शेजारी, लोकांकडे पाठ करून मी वही घेऊन बसतो आणि नटाने तोंड उघडायच्या अर्धा श्वास आधी त्याचं वाक्य त्याला देतो. माझा आवाज पहिल्या चार रांगांना ऐकू जातो, पण आमचे लोक तो ऐकत नाहीत. त्यांना सवय आहे. मला सगळे मास्तर म्हणतात. शाळेत मी कधी शिकवलेलं नाही, अक्षर बरं आहे म्हणून मास्तर.

या धंद्यात कुणी न लिहिलेला एक कायदा आहे. वाक्य पडलं, म्हणजे बोलायचं राहून गेलं, तर ते नटाचं पडलं. प्रॉम्प्टरचं नाव घ्यायचं नाही. आणि नट विसरला तर प्रॉम्प्टरने ते पारावर जाऊन सांगायचं नाही. दोघांनी एकमेकांचं झाकायचं, म्हणून नाटक उभं राहतं.

ज्या बाईंबद्दल मी लिहितो आहे, त्यांना पहिल्या प्रयोगापासून मीच वाक्यं दिली. त्या पहिल्या प्रयोगात बाई रंगमंचावर आल्या आणि सगळं विसरल्या. कुजबुजून भागेना, तेव्हा मी एक अख्खा प्रवेश मोठ्या आवाजात दिला. मागून कुणीतरी ओरडला, “अबे, मास्तरच नाटक करून राह्यला!” सगळी मंडई मला हसली. बाईंना कुणी हसलं नाही. ते त्या विसरल्या नाहीत.

बाईंचे वडील राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीत कामाला होते. मुलगी तोंडाला रंग लावते म्हणून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं, ते वारेपर्यंत. तिचं नाटकही कधी पाहिलं नाही, निदान आम्ही सगळे तसंच समजत होतो.

बाईंना एक भाऊ, त्यांच्यापेक्षा बराच धाकटा. गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात ऑपरेटर. कॉलेजात असल्यापासून गिटार वाजवायचा आणि कानात कायम कुठल्या कुठल्या परदेशातलं संगीत. गाणं सुरू झालं की ते संपलंच पाहिजे असं कुठं लिहिलं आहे, असं विचारणारा पोरगा. चाळिशीला आला तेव्हा त्याने ठरवलं, आपला एक अल्बम काढायचा. रॉक, पण इथला. खाणीत सुरुंग लावायच्या आधी वाजतो तो भोंगा, क्रशरची घरघर, त्यावर गिटार, आमचा ऑर्गन, आमचा ऑक्टोपॅड आणि या सगळ्यावर बहिणीचा आवाज.

“मंडईत माईक बंद पडला तरी मागच्या लोकाईपर्यंत जाते ना, तो आवाज पाहिजे मले,” तो म्हणाला.

बाई म्हणाल्या, “मास्तर असले त म्हणीन. मले पाठ होत नाई.”

असा एक प्रॉम्प्टर रॉकच्या अल्बमात आला. माझी कुजबुज माईकमध्ये येते हे पहिल्याच गाण्याला कळलं. मी हळू बोलायचा प्रयत्न केला तर धाकटा म्हणाला, “राहू द्या. भारी वाटते. कोणी तरी आधीच सांगून राह्यला, असं वाटते.”

मूलजवळच्या एका बंद पडलेल्या राईस मिलमध्ये रेकॉर्डिंग होतं. मिलचा पट्टा त्याने डिझेल इंजिनवर चालू करून घेतला होता, तो त्याचा ठेका. नियम एकच: “गाणं सुरू झालं का थांबवाचं नाई. जे आलं ते आलं.”

शेवटचं गाणं एकोणीस मिनिटांचं. पाच कडवी. चौथं कडवं त्यांच्या वडिलांवर. आठ ओळींचं, पण एकेक ओळ खूप लांबवून म्हणायची, म्हणून चार मिनिटं. त्या कडव्यात एक गोष्ट होती. मुलीशी न बोलणारा बाप एकदा तिचं नाटक बघायला आला होता. गुपचूप. ही गोष्ट फक्त धाकट्याला माहीत होती, कारण वडिलांना मोटरसायकलवर तोच घेऊन गेला होता. वडिलांनी त्याला शपथ घातली होती. शपथ होती सांगायची नाही अशी, म्हणून त्याने ती गोष्ट गाण्यात घातली.

आदल्या दिवशी वही माझ्या हातात देत तो म्हणाला, “ताईले आधी दाखवू नका, मास्तर. गाता गाताच कळू द्या.”

दाखवायचा प्रश्न नव्हताच. बाई आधी कधी वाचत नाहीत. मी वाचतो. मी ते कडवं दोनदा वाचलं आणि वही मिटली.

त्या दिवशी सकाळी तीन गाणी झाली. मधल्या सुट्टीत चना-पोहा आला. वर लाल-पिवळी तर्री, तेलाचा तवंग आलेला रस्सा, ओतलेली. माझा नेम असा की वही हातात घेण्याआधी साबणाने हात धुवायचे. त्या दिवशी इंजिन सुरू झालं, धाकट्याने हाक मारली आणि मी धोतराला बोटं पुसून वही उघडली.

पहिली तीन कडवी ठीक गेली. चौथ्याला ऑक्टोपॅड थांबला, फक्त ऑर्गनचा एक सूर आणि मिलचा पट्टा. मी कागद उलटला आणि ओळ दिली. देता देताच कळलं की ही पाचव्या कडव्याची आहे. दोन कागद एकदम उलटले होते. बाईंना शब्द पाठ नव्हते, पण चाल पाठ होती. ही ओळ इथली नाही हे त्यांना समजलं. त्यांनी तोंड उघडलं नाही, माझ्याकडे बघत राहिल्या. मी मागे गेलो, पुढे आलो, परत मागे. कडवं सापडेना. तेलाने दोन कागद असे चिकटले होते की एकच वाटावा. धाकटा भिंतीकडे तोंड करून, कानाला हेडफोन लावून गिटार वाजवत होता. ऑर्गनवाल्याचे डोळे मिटलेले. थांबायचं नाही हा नियम. चार मिनिटं मी कागद चाळत होतो आणि बाई माझ्याकडे बघत होत्या. मग पाचव्याचा ठेका पडला आणि मी पाचवं कडवं दिलं.

गाणं संपलं. धाकटा वळला. त्याचा चेहरा आठवला की आजही मी मान खाली घालतो.

“ताई, बाबाचं कडवं?”

बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, “नोतं म्हणाचं मले.” आणि पाणी प्यायला बाहेर गेल्या.

तो माझ्याजवळ आला. “मास्तर, तुमी त दिलं होतं ना?”

मी हो अशी मान हलवली.

एवढंच केलं मी. तोंडाने खोटं बोललो नाही, मान हलवली. मग हौदावर जाऊन हात धुतले. पिवळं पाणी गेलं. परत येऊन वही उचलली, ते दोन कागद नखाने सोडवले. मधे आठ ओळी होत्या.

तेव्हा सांगता आलं असतं. पण ऑर्गनवाला ऐकत होता, ऑक्टोपॅडवाला ऐकत होता, आणि दुसऱ्या दिवशी ते दोघे वडशाला जाणार होते. वडसा म्हणजे आमच्या साऱ्या नाटक कंपन्यांचं गाव. तिथल्या चहाच्या टपरीवर एक वाक्य पोचलं असतं, ‘मास्तरचं कडवं पडलं’, तर मला कुणी घेतलं नसतं, आणि सीझन तोंडावर होता. मास्तरचं कधी पडत नाही, हीच माझी सारी इस्टेट.

धाकट्याने बहिणीशी बोलणं सोडलं. जिला बापाचं नावसुद्धा तोंडात घ्यायचं नाही, तिला बाप नाटक बघायला आला होता हे कशाला सांगायचं, असं त्याच्या मनाने घेतलं. बाईही बोलल्या नाहीत. भाऊबीजेला मंडया सुरू होतात, त्यामुळे बाई दौऱ्यावर असायच्याच. लोकांच्या लक्षातही आलं नाही.

अल्बम मात्र निघाला, तसाच, इंटरनेटवर. जे आलं ते आलं.

आणि मग मतं सुरू झाली. गडचांदूरला कारखान्यातल्या दोस्तांनी दोन मिनिटांत बंद केला. “अबे, आठ घंटे हेच ऐकतो आम्ही ड्युटीवर. आता गाण्यातबी क्रशर?” चिमूरच्या एका डीजेवाल्याने स्पीकर खराब झाला समजून तो उघडला होता. वडशाच्या टपरीवर आमचे नाटकवाले म्हणाले, बाईचा एवढा मोठा आवाज आणि पोट्ट्याने मिलमधे कोंडला. पण कॉलेजची पोरं तेच गाणं ऐकत बसायची. मुंबईच्या कुणीतरी इंटरनेटवर लांबलचक लिहिलं. आणि भांडण नेहमी येऊन थांबायचं ते त्या चार मिनिटांवर. तिथे एक कुजबुज येते, शब्द पट्ट्याच्या आवाजाखाली दबलेले, आणि मग नुसती खसफस. कुणी म्हणे बाई तणसावरून, भाताच्या पेंढ्यावरून, चालत जाते. कुणी म्हणे प्रेताखालचं गवत आहे. कुणी म्हणे रेकॉर्डिंगवाला झोपला होता, त्याने कूस बदलल्याचा आवाज आहे. हा शेवटचा माणूस सगळ्यात जवळ पोचला होता.

माझ्या बायकोने ऐकलं आणि म्हणाली, “हे त तुमचं खाकरणं आहे.” मी मोबाइल तिच्या हातातून घेतला.

सगळ्यात वाईट सांगतो. टपरीवर त्या चार मिनिटांची बाजू घेऊन सगळ्यात मोठ्याने मी भांडायचो. “तुमाले कला समजत नाई,” मी म्हणायचो. “सगळंच का भरून ठेवाचं? रिकामं ठेवाले अक्कल लागते!” लोक माझ्या तोंडाकडे पाहायचे. मास्तर आणि कलेवर बोलतो! मला वाटायचं, ती कला ठरली तर ती चूक उरणार नाही. तर्रीचा चना-पोहा मात्र मी त्या दिवसापासून खाल्ला नाही. कुणी विचारलं तर पित्त सांगायचो.

चंद्रपूरला एका हॉलमध्ये तो अल्बम सगळ्यांनी बसून ऐकायचा कार्यक्रम झाला. मी शेवटच्या रांगेत. अर्धे लोक ऐकता ऐकता उठून गेले, उरलेले भांडले. एका मुलीने धाकट्याला विचारलं, ती चार मिनिटं काय आहेत? तो म्हणाला, “ती माझ्या वडिलांची जागा आहे. ती आम्ही रिकामी ठेवली.” टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या. आणि बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो.

या पावसाळ्याच्या शेवटी, धान निसवत होतं तेव्हा, धाकट्याचा फोन आला. कुणीतरी त्याच्या अल्बमची मोठी काळी तबकडी काढणार होतं. सोबत गाण्यांचं पुस्तक.

“मास्तर, वही तुमच्याजवळच आहे ना? फोटो पाठवा. चौथं कडवं नका पाठवू. तिनं म्हटलं नाई त छापाचं कायले? फाडूनच टाका ते.”

मी वही काढली. कागद हातात धरला. त्यावर अजून तेलाचा डाग होता, बोटाच्या आकाराचा. आजवर ते कडवं कुणी म्हटलं नव्हतं, पण होतं तरी. आता ते राहणारही नव्हतं, आणि त्यात काय होतं हे बाईंना कधीच कळणार नव्हतं. माझ्याच्याने फाडवेना.

दुसऱ्या दिवशी वही पिशवीत घालून मी बाईंकडे गेलो. त्या अंगणात तांदूळ पाखडत होत्या.

“बाई, ते कडवं तुम्ही सोडलं नोतं. माझ्याकडून पडलं. दोन कागद चिकटले होते. मले पुढे केव्हातरी लक्षात आलं.”

सूप न थांबवता बाई म्हणाल्या, “मले माहीत होतं ना, मास्तर.”

“कसं?”

“तुमचं बोट पिवळं होतं. समोरच त होती मी.” मग सूप ठेवलं. “मले वाटे, कागद हरवला असं समजता तुमी, बोटानं चिकटला हे तुमालेच माहीत नाई. म्हणून नाई बोलली. म्हटलं, मास्तरले कळलं त मास्तर वही सोडून देईल.”

सात वर्षं ही बाई, मला माझी चूक माहीत नाही असं समजून, ती माझ्यापासूनच झाकत होती. मी खाली बघितलं. त्याच दुपारी कळलं होतं, हे तिथेही बोललो नाही.

“चला,” बाई म्हणाल्या, “गडचांदूरले. मीबी येतो. एकटे गेले त तुमी बाहेरूनच वापस यान.”

मी राजुरा ओलांडल्यावर एसटीत दोनदा म्हणालो की आज त्याची ड्युटी असेल. बाई खिडकीतून बघत म्हणाल्या, “सुट्टी आहे. मी शेजारणीले फोन करून विचारलं.”

धाकट्याने दार उघडलं आणि बहिणीला बघून तसाच उभा राहिला. घरात घेतलं, पाणी दिलं, पण बोलला माझ्याशीच. “का झालं मास्तर? तबियत बरी आहे ना?” मी वही काढून तो कागद पुढे केला आणि सांगितलं. एका दमात, वाक्य देतो तसं, चढउतार न करता.

तो म्हणाला, “पण तुमी त मान हलवली होती.”

हे बाईंना माहीत नव्हतं. त्या माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, “हो. हलवली होती.”

तो उठून आतल्या खोलीत गेला. मला वाटलं, आता हा बाहेर येणार नाही. मग आतून गाणं सुरू झालं, चौथ्या कडव्यापासून. तो दारात आला, माझ्या हातातली वही घेतली आणि गाण्याबरोबर कागद चाळू लागला. पुढे, मागे, परत पुढे. खसफस आणि खसफस जुळली. तो थांबला. परत चाळले. आणि हसायला लागला. खाली बसून, भिंतीला टेकून, डोळ्यातून पाणी येईपर्यंत.

“तणसावरून चालून राह्यली म्हणे बाई! प्रेताखालचं गवत म्हणे! बाप्पा बाप्पा बाप्पा. अन् मी भर सभेत सांगतलं, बाबाची जागा आहे.”

बाई म्हणाल्या, “तू बी खोटाच बोलला मग.”

“मी बी खोटाच बोललो.” त्याने डोळे पुसले. मग बहिणीकडे पाहिलं. सात वर्षांनी बहिणीशी बोललेलं पहिलं वाक्य ते होतं, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं असावं.

“ताई, त तुले माहीतच नाई अजून?”

“का?”

“बाबा आले होते. तुझं नाटक पाहाले.”

बाईंनी जे विचारलं ते फक्त नटीच विचारू शकते. “कोणतं?”

“ते सावत्र मायचं. सिंदेवाहीकडे. चिवड्याच्या दुकानामागं उभे होते, तोंडाले दुपट्टा बांधून. तिसऱ्या अंकापर्यंत होते. मग म्हणाले, चल.”

“तिसऱ्या अंकात मी रडतो,” बाई म्हणाल्या.

“हो. ते झाल्यावरच निघाले. अन् गाडीवर येता येता एक गोष्ट बोलले. ते कडव्यात आहे. शेवटच्या दोन ओळी.” त्याने वही उचलली. “वाचून दाखवू?”

बाईंनी हात वर केला. रंगमंचावर समोरच्या पात्राला थांबवताना करतात तसा.

“थांब. तू नको वाचू.” मग माझ्याकडे बोट केलं. “ते याईचं काम आहे. याईनं नाई दिलं, हेच देतीन. मी म्हणीन.”

ठरलं असं की पुस्तकात कडवं छापायचं. तबकडीवर गाणं आहे तसंच राहील. धाकटा म्हणतो, तेवढ्या खसफशीचीच लोकांना माया जडली आहे, आता ती काढणारे आपण कोण. पुस्तक आलं तर बाई ते पान उघडणार नाहीत, तसं त्यांनी वचन दिलं आहे. होळी झाली, मंडया संपल्या की आम्ही तिघं मूलच्या त्या मिलमध्ये जाणार. माईक नाही, काही नाही. ऑर्गनही नसला तरी चालेल.

परतताना राजुऱ्याच्या स्टँडवर बाईंनी दोन प्लेट चना-पोहा मागवला. वर तर्री. माझ्यापुढे प्लेट सरकवून म्हणाल्या, “खा आता. पित्त गेलं तुमचं.” मी खाल्ला. नाकाला पाणी आलं इतका तिखट होता. नळावर हात धुवायला गेलो तर त्या मागून ओरडल्या, “साबणानं, मास्तर!” स्टँडवरचे लोक हसले. पुढच्या एसटीत मला झोप लागली, दिवसाढवळ्या, बसल्या बसल्या, तोंड उघडं टाकून. चंद्रपूर आल्यावर बाईंनी उठवलं.

आता सीझन सुरू आहे. बाई एका कंपनीत, मी दुसऱ्या. भाऊबीजेला धाकटा मंडईत जाऊन बहिणीचं नाटक बघून आला, पहिल्या रांगेत बसून, हे मला फोनवर त्यानेच सांगितलं. ‘त्याच दुपारी’ ही गोष्ट त्या दोघांना आता हे वाचून कळेल. वडील गाडीवर काय बोलले ते मी इथे लिहिलेलं नाही. ते आधी बाईंचं आहे.

मी बाईंना आठ ओळी देणं लागतो. अजून दिलेल्या नाहीत.